एकट्या कोंबडीस सोबत हवी काय?

(परिसर अभ्यास : इयत्ता ३ री ते ५ वीच्या शिक्षकांसाठी)

पाठाचा हेतू

१. पाळीव प्राण्याच्या गरजा अन्न, पाणी व निवारा एवढ्याच नसतात, हे मुलांच्या ध्यानी आणून देणे.
२. एखाद्या गोष्टीचे कारण शोधताना एका वेळी एकच बाब बदलून पाहावी, ही सवय लावणे.
३. प्राण्यावरील प्रेम आणि प्राण्याचे हित या दोन गोष्टींचा विचार करावयास शिकविणे.

वेळ : दोन तास व एक आठवड्याचे निरीक्षण.
साहित्य : फळा, निरीक्षणाची वही, गावातील मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या.

विषयप्रवेश

खेड्यातील मुलास कोंबडी नवीन नसते. तिचा तुरा, तिच्या नख्या, ती अंड्यांवर किती दिवस बसते, खुडूक झाली म्हणजे कशी अंगावर येते, हे सारे त्यास शाळेत येण्यापूर्वीच ठाऊक असते. त्यामुळे कोंबडीचा पाठ पुष्कळ वर्गांत लवकर आटोपतो. अवयवांची नावे फळ्यावर लिहिली जातात, अंडी व मांस हे उपयोग सांगितले जातात आणि वर्ग पुढील पाठाकडे वळतो. वस्तुतः मुलांनी अद्याप न विचारलेले प्रश्न येथेच सुरू होतात. त्यांपैकी एक प्रश्न या पाठासाठी घेतला आहे. घरी एकच कोंबडी पाळली, तिला वेळेवर दाणापाणी दिले, मांजर व मुंगूस यांपासून सांभाळले, तर तिला आणखी काही हवे असते काय?

पुढील प्रसंग आठवडी बाजाराच्या कोणत्याही गावी घडण्यासारखा आहे. शिक्षकाने तो गोष्टीच्या रूपाने सांगावा व मध्ये थांबून मुलांस विचार करावयास लावावे.

प्रसंग : पूर्वार्ध

चौथीतील एका मुलाने बाजारात खाऊच्या पैशांतून कोंबडीचे एक पिल्लू घेतले. विक्रेत्याच्या टोपलीत गुलाबी, हिरवी, जांभळी अशी रंगवलेली शेदोनशे पिल्ले दाटीवाटीने चिवचिवत होती. मुलाने त्यांतील एक गुलाबी पिल्लू निवडले. टोपलीत असेपर्यंत ते मजेत होते. बुटाच्या खोक्यात एकटे पडताच ते मोठ्याने ओरडू लागले. घरी कण्या घातल्या, वाटीत पाणी ठेवले. पिल्लाने चार दाणे टिपले आणि पुन्हा ओरडण्यास आरंभ केला. रात्री मुलाच्या आईने खोके चुलीजवळ ठेवले, तरी मध्यरात्रीपर्यंत घरात कोणासही नीट झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मुलाने ते खोके शाळेत आणले. "गुरुजी, हे सारखे का ओरडते?" एवढाच त्याचा प्रश्न होता.

येथे शिक्षकाने गोष्ट थांबवून हाच प्रश्न आपल्या वर्गास विचारावा. भूक, तहान, थंडी, भीती, दुखणे, आईची आठवण अशी उत्तरे येतील. ती सर्व फळ्यावर एकाखाली एक लिहावी. कोणतेही उत्तर चूक म्हणून पुसू नये. नंतर विचारावे, "यांतील खरे कारण कोणते, हे कसे ओळखाल?" या प्रश्नावर वर्ग थोडा वेळ शांत राहील. ती शांतता मोडण्याची घाई करू नये.

गोष्टीतील गुरुजींनी काय केले ते मग सांगावे. त्यांनी प्रथम दाणे ठेवले. पिल्लाने खाल्ले व पुन्हा ओरडले, म्हणजे केवळ भूक हे कारण नव्हते. पाणी दिले, तरी तोच प्रकार. मग कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्यात ठेवली. पिल्लू तिला खेटून बसले व त्याचा आवाज पुष्कळ उतरला. थंडी हे एक कारण निश्चित होते. पिल्लास पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. पुढे दर आठवड्यास ती साधारण तीन अंशांनी कमी करीत न्यावी लागते आणि पिसे फुटेपर्यंत ही काळजी घ्यावी लागते. परंतु ऊब मिळूनही मुलगा जागेवर जाऊन बसताच पिल्लू उठे, खोक्याच्या कडेने धावे आणि पुन्हा तीच तार स्वरातील हाक सुरू करी.

त्याच वर्गातील एका मुलीने त्याच बाजारातून हिरवे पिल्लू घेतले होते. मधल्या सुटीत ती ते घेऊन आली. दोन्ही पिल्ले एका खोक्यात ठेवली. क्षणभर दोघांनीही माना वर केल्या, मग एकमेकांच्या अंगाखाली शिरण्याची खटपट केली आणि थोड्याच वेळात दोन्ही डोळे मिटून स्वस्थ झाली. मोठी हाक थांबली. तिच्या जागी अगदी हळू, तुटक चिवचिव ऐकू येऊ लागली. खोक्यात दाणे, पाणी व बाटली तीच होती. बदलली होती ती एकच गोष्ट.

विवेचन

या एका खोक्यावरून सर्व कोंबड्यांविषयी सिद्धांत बांधता येणार नाही, हे मुलांस स्पष्ट सांगावे. तथापि येथे जे दिसले ते शास्त्रज्ञांनी पुष्कळ वेळा तपासून पाहिले आहे. पुढील मुद्दे त्या आधारे मांडावे.

*(अ) कोंबडीचे मूळ घराणे.* पाळीव कोंबडी ही मुख्यतः लाल रानकोंबड्याची वंशज होय. हा पक्षी उत्तर व पूर्व भारतापासून आग्नेय आशियापर्यंतच्या रानांत आढळतो. सह्याद्रीच्या जंगलात ज्याचा आवाज ऐकू येतो तो करडा रानकोंबडा त्याचा चुलतबंधू आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून असे दिसून आले की, पुष्कळ पाळीव कोंबड्यांच्या कातडीचा पिवळा रंग या करड्या रानकोंबड्याकडून आलेला आहे. म्हणजे आपल्या डोंगरातील पक्ष्याचाही या घराण्याशी संबंध आहे. पाळीव कोंबडीची आजवर ओळख पटलेली सर्वांत जुनी हाडे थायलंडमधील बान नॉन वाट येथील असून ती इ. स. पू. १६५० ते १२५० या काळातील असल्याचे २०२२ साली प्रसिद्ध झाले. रानकोंबडे लहान टोळीने राहतात. एक कोंबडा, काही कोंबड्या व त्यांची पिल्ले मिळून रानात चरतात आणि रात्री झाडाच्या फांदीवर जवळजवळ बसतात. रानात एकट्यास घार, बहिरी ससाणा व रानमांजर यांपासून धोका अधिक असतो. टोळीत पुष्कळ डोळे पहारा करतात, म्हणून प्रत्येकास निर्धास्तपणे मान खाली घालून चरता येते. माणसाने या पक्ष्यास अंगणात आणले, खुराड्यात ठेवले, तरी टोळीची ओढ त्याच्या अंगातून गेलेली नाही.

*(आ) अंड्यातूनच सुरू होणारे बोलणे.* कोंबडी एकवीस दिवस अंडी उबविते. फुटण्याच्या आदल्या एकदोन दिवसांत अंड्यातील पिल्लू आतून चिवचिवते व वर बसलेली कोंबडी त्यास हळू आवाजात उत्तर देते. ज्यांच्या घरी खुडूक कोंबडी बसविलेली असेल अशा मुलांस हे कान देऊन ऐकावयास सांगावे, मात्र कोंबडीस उठवू नये. पिल्ले बाहेर पडल्यावर कोंबडी दाणा उचलते, टाकते, पुन्हा उचलते व 'कुक्-कुक्' असा आवाज करते. खाण्याजोगे काय, हे पिल्ले यावरून शिकतात. इंग्लंडमधील ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९६ साली असे दाखविले की, आपल्या मते न खाण्याजोगे अन्न पिल्ले टिपत आहेत असे पाहताच कोंबडी चांगल्या अन्नाजवळ अधिक जोराने उकरते व टोचते. बाजारातील रंगीत पिल्लू उबवणी यंत्रात जन्मलेले असते. त्याने कोंबडीचा आवाज कधी ऐकलेलाच नसतो.

*(इ) पहिल्या दिवसांचा ठसा.* जन्मानंतरच्या पहिल्या एकदोन दिवसांत जी हालणारी वस्तू पिल्लासमोर येईल तिच्यामागे ते जाऊ लागते. डग्लस स्पॉल्डिंग या इंग्रज निरीक्षकाने कोंबडीच्या पिल्लांविषयी हे १८७३ साली लिहून ठेवले. पुढे १९३५ साली ऑस्ट्रियाचे कोन्राड लोरेन्झ यांनी बदके व हंस या पक्ष्यांवरून त्याचे सविस्तर विवेचन केले. त्यांस १९७३ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. निसर्गात पिल्लाच्या डोळ्यांसमोर प्रथम येते ती त्याची आई व भावंडे. म्हणून हा ठसा त्यास योग्य सोबतीत राखतो. परंतु एकटे पिल्लू माणसाच्या हाती पडले तर तो ठसा माणसाचा उमटू शकतो. असे पिल्लू मुलाच्या मागे मागे घरभर फिरते. मुलास वाटते, यास आपला लळा लागला. ते खरेच असते. पण लळा लागण्याचे कारण हे की त्या पिल्लास दुसरा कोणी भेटलाच नाही.

*(ई) कळपातील मानक्रम.* कोंबड्यांस एकत्र ठेवले की त्या भांडतात, मग सोबतीची गरज कशी म्हणावी, अशी शंका चलाख मुलगा घेईल. तिचे स्वागत करावे. थोर्लाइफ शेल्डेरप-एब्बे या नॉर्वेच्या अभ्यासकाने लहान वयापासून आपल्या भोवतालच्या कोंबड्या ओळखून त्यांच्या नोंदी ठेवल्या. कोण कोणास टोचते व कोण मुकाट्याने बाजूस होते, हे टिपत गेल्यावर त्यास आढळले की कळपात एक ठरलेला क्रम असतो. हे संशोधन १९२२ साली प्रसिद्ध झाले. दोन अनोळखी कोंबड्या प्रथम झुंजतात. निकाल लागला म्हणजे तो दोघीही लक्षात ठेवतात, आणि पुढे नुसत्या मान उंचावण्याने काम भागते. स्थिरावलेल्या कळपात मोठी भांडणे क्वचितच होतात. म्हणजे भांडण हे एकमेकींस ओळखण्याची सुरुवात असते. प्रत्येक कोंबडी दुसरीचा चेहरामोहरा व तुरा ध्यानात ठेवते, यावरून तिचे जीवन दुसऱ्या कोंबड्यांशी किती बांधलेले आहे हे दिसते. मोठ्या संशोधनाची सुरुवात एका मुलाच्या वहीतून झाली, हेही मुलांस अवश्य सांगावे.

*(उ) बोलणे कोणासाठी?* निकोलस कोलायस या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९८७ साली लाल रानकोंबड्यांचे सुमारे चोवीस निरनिराळे आवाज नोंदविले. आकाशातील घारीसाठीचा बारीक, लांबट इशारा वेगळा आणि जमिनीवरून येणाऱ्या शत्रूसाठीचा 'कक्-कक्-ककाक्' वेगळा. १९८० नंतरच्या दशकात पीटर मार्लर व त्यांचे सहकारी यांनी पाहिले की, जवळ कोंबडी असता घारीची आकृती दिसली तर कोंबडा इशारा देतो. तो एकटा असता तीच आकृती दाखविली तर तो बहुधा गप्प राहतो. २०२३ साली जर्मनीतील बॉन विद्यापीठातील संशोधकांनी आणखी एक परीक्षा केली. समोर दुसरा कोंबडा असता पुष्कळ कोंबड्यांनी इशारा दिला. समोर केवळ आरसा असता, एकटे असल्याप्रमाणेच त्यांनी फारच थोडे इशारे दिले. लहान पिल्लाजवळ आरसा ठेवला तर ते काही वेळ शांत होते हे खरे, परंतु मोठ्या पक्ष्यास आरसा सोबत्याच्या ठिकाणी होत नाही. एकट्या कोंबड्याजवळ सारी बोली असते आणि ती ऐकणारा कोणी नसतो.

*(ऊ) एकीचे पाहून दुसरी.* पोट भरलेली कोंबडी, शेजारी भुकेली कोंबडी खाऊ लागली की पुन्हा खाऊ लागते. एकीने धुळीत लोळण्यास आरंभ केला की दुसऱ्या दोघी तेथे येतात. सायंकाळी एक दांडीवर चढली की मागोमाग सर्व चढतात. खाणे, लोळणे, पिसे साफ करणे, विसावणे ही कामे त्या मिळून करतात. थंडीच्या रात्री अंगास अंग लावून ऊब राखतात.

मग उत्तर काय?

एकटी कोंबडी लगेच मरते असे मुलांस सांगू नये, कारण ते खरे नाही. मानमोडीच्या साथीत सारा कळप गेला आणि एकच कोंबडी उरली, ती पुढे वर्षानुवर्षे अंडी देत राहिली, असे उदाहरण गावात कोणास तरी ठाऊक असेल. अंडी देण्यास तिला कोंबड्याचीही आवश्यकता नसते. ती घरच्या माणसांमागे फिरते, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसते आणि हाक मारली की येते.

येथे शिक्षकाने 'जगणे' व 'नांदणे' हे दोन शब्द फळ्यावर लिहावे व त्यांतील फरक मुलांकडून काढून घ्यावा. दाणा, पाणी व निवारा यांवर कोंबडी जगते. पण ज्या कामांसाठी तिचे डोळे, कान व आवाज घडलेले आहेत, त्यांतील निम्मीअधिक कामे दुसऱ्या कोंबडीवाचून होतच नाहीत. माणूस तिला दाणे देऊ शकतो, कुरवाळू शकतो. पण तो तिच्याबरोबर धुळीत लोळत नाही, रात्री दांडीवर बसत नाही, आणि सकाळी शाळेस किंवा शेतावर निघून जातो. तेव्हा उत्तर असे की, कोंबडीस कोंबडीची सोबत हवी. निदान दोन असाव्या. तीन असल्यास अधिक बरे, कारण एक दगावली तरी उरलेली एकटी पडत नाही.

यास अपवाद आहेत. आजारी, जखमी किंवा इतरांच्या टोचणीने रक्तबंबाळ झालेल्या कोंबडीस काही दिवस वेगळे ठेवणे हेच तिचे हित. मात्र आजार संसर्गाचा नसेल तर तिला जाळीआड, इतर कोंबड्या दिसतील अशा ठिकाणी ठेवावे. दोन वयात आलेले कोंबडे एका लहान खुराड्यात कोंडणे ही सोबत नव्हे. एका कोंबड्यास आठदहा कोंबड्या हे प्रमाण सर्वसाधारणपणे योग्य समजतात.

सोबत कशी द्यावी?

सोबत हवी म्हणून बाजारातून दुसरी कोंबडी आणून थेट खुराड्यात सोडली तर रात्रीतून रक्त निघते, आणि क्वचित एखादी जिवासही मुकते. घरच्या माणसांस उपयोगी पडेल असा क्रम पुढे दिला आहे.

१. नवा पक्षी प्रथम तीनचार आठवडे अगदी वेगळ्या जागी ठेवावा. त्याने बाहेरून रोग आणला असल्यास तो तेवढ्या काळात बहुधा दिसून येतो. मानमोडीच्या लसीविषयी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे.
२. नंतर आठवडाभर मध्ये जाळी ठेवून शेजारी शेजारी ठेवावे. एकमेकींस पाहू द्यावे, टोचू देऊ नये.
३. पुढे दोघींसही नव्या, मोकळ्या जागी एकत्र सोडावे. लपण्यास टोपली, फळी किंवा झुडूप असावे.
४. दाणा व पाणी दोनतीन ठिकाणी ठेवावे, म्हणजे वरचढ कोंबडी दुसरीस उपाशी ठेवू शकणार नाही.
५. शक्य तर एकटी नवी कोंबडी न आणता साधारण एका वयाच्या दोन आणाव्या. मग साऱ्यांचा मारा एकीवर होत नाही.
६. थोडी टोचाटोची चालू द्यावी. रक्त दिसताच मात्र वेगळे करावे, कारण रक्त पाहून इतर कोंबड्याही तेथेच टोचतात.

प्रसंग : उत्तरार्ध

दोन पिल्ले खोक्यात स्वस्थ झाली खरी, पण शाळा सुटली तेव्हा प्रश्न उभा राहिला. दोघांपैकी कोणीही आपले पिल्लू देण्यास तयार नव्हते. गुरुजींनी सक्ती केली नाही. दोन्ही पिल्ले आपापल्या घरी गेली. तिसऱ्या दिवशी मुलीचे हिरवे पिल्लू सकाळी मेलेले आढळले. रंगाच्या पाण्यात भिजलेली, प्रवासाने दमलेली अशी पिल्ले पुष्कळदा वाचत नाहीत. ऊब कमी पडली की आणखी काही व्हावे लागत नाही. मुलगी वर्गात काही बोलली नाही. मुलाने मात्र गुरुजींस हळूच विचारले, "एकत्र ठेवली असती तर ते वाचले असते का?" गुरुजी म्हणाले, "ते सांगता येणार नाही. पण शेवटच्या रात्री ते एकटे पडले नसते."

गुलाबी पिल्लू जगले. रंग गेला, पांढरी पिसे आली, तांबडा तुरा वाढला आणि तो कोंबडा निघाला. मुलाच्या खांद्यावर बसून तो अंगणभर फिरे. शेजारच्या कोंबड्या दिसल्या की मात्र घरात पळे. मुलगा शाळेत गेला म्हणजे दाराशी उभा राहून दिवसभर ओरडे. प्रथम घरचे हसत. पुढे मुलाच्या आईस ते ऐकवेना.

मुलाच्या आजीकडे, शेजारच्या वाडीत, सात कोंबड्या होत्या. त्यांचा कोंबडा मुंगसाने नेला होता. कोंबडा तेथे द्यावा असे आईने सुचविले, तेव्हा मुलगा रडला. "तो मला सोडून राहणार नाही," असे त्याचे म्हणणे होते. अखेर आपल्या वहीत त्याने आठवडाभर नोंद केली. कोंबडा दिवसातून किती वेळ ओरडतो आणि आपण त्याच्याजवळ किती वेळ असतो, हे त्याने लिहिले. रविवारी त्याने वही आईपुढे ठेवली व म्हणाला, "आजीकडे नेऊ."

आजीने त्यास आरंभीचे तीन आठवडे वाड्याच्या दुसऱ्या टोकास वेगळे ठेवले, मग आठवडाभर जाळीआड. पहिल्यांदा सोडले तेव्हा सर्वांत वयस्क कोंबडीने त्यास अंगणातून पिटाळले आणि तो गोठ्याच्या कोपऱ्यात जाऊन बसला. त्या दिवशी मुलास त्यास परत न्यावेसे वाटले. आजी म्हणाली, "दोन दिवस थांब. ती बोलतात त्याला थोडे कळू दे."

महिन्याने मुलगा पुन्हा वाडीत गेला. कोंबडा हाकेस आला, हातातील दाणे खाल्ले, क्षणभर उभा राहिला. इतक्यात उकिरड्यात त्यास एक अळी दिसली. ती त्याने खाल्ली नाही. उचलून खाली टाकली आणि 'कुक्-कुक्' करू लागला. दोन कोंबड्या धावत आल्या. हा आवाज त्यास मुलाने शिकविला नव्हता.

गोष्ट येथे संपवावी. तात्पर्य शिक्षकाने सांगू नये. "मुलाने योग्य केले काय?" एवढेच विचारून वर्गास बोलू द्यावे. काही मुले नाही म्हणतील. त्यांचीही कारणे ऐकून घ्यावी.

निरीक्षणाचे काम

प्रत्येक मुलाने सलग सहा दिवस, रोज दहा मिनिटे, गावातील मोकळ्या कोंबड्यांचे निरीक्षण करून वहीत पुढील रकाने भरावे : दिवस व वेळ, कोंबड्या किती, कोणते काम चालू होते, ते कोणी आधी सुरू केले, मागून किती जणी आल्या, कोण कोणास टोचले, कोणते आवाज ऐकू आले. कोंबड्या पिसांच्या रंगावरून व तुऱ्यावरून ओळखाव्या, पायास दोरा बांधू नये. आठवड्याच्या अखेरीस सर्व वह्यांवरून कळपाचा मानक्रम फळ्यावर मांडावा. दोन मुलांच्या नोंदी जुळल्या नाहीत तर कोण चुकले हे न ठरविता पुन्हा पाहावयास पाठवावे.

फळ्यावरील सारांश

कोंबडी हा टोळीने राहणारा पक्षी आहे.
ती दुसऱ्या कोंबड्यांस ओळखते व त्यांच्याशी बोलते.
माणसाचा लळा लागला तरी कोंबडीची सोबत त्याने भरून निघत नाही.
सोबत द्यावी ती हळूहळू व विचाराने द्यावी.

स्वाध्याय

१. पिल्लू ओरडण्याचे कारण शोधताना गुरुजींनी सर्व गोष्टी एकदम का बदलल्या नाहीत?
२. कळपात मानक्रम नसता तर काय झाले असते?
३. तुमच्या घरी एकटा असलेला दुसरा कोणता प्राणी आहे? त्याचे जातभाई रानात कसे राहतात, ते मोठ्यांस विचारून लिहा.
४. मांजर व कोंबडी यांच्या सोबतीच्या गरजेत कोणता फरक दिसतो?

शिक्षकांस सूचना

कोंबडीस मुद्दाम एकटे पाडून ती काय करते हे पाहण्याचा प्रयोग कोणत्याही वर्गात करू नये. या पाठासाठी गावात आधीच एकटी असलेली कोंबडी व आधीच कळपात असलेल्या कोंबड्या पुरेशा आहेत. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमान्वये प्राणी बाळगणाऱ्यावर त्याच्या हिताची जबाबदारी आहे. ती मुलांस धाकाच्या रूपाने न सांगता पाठातूनच उमजू द्यावी.

रंगीत पिल्ले बाजारात का येतात, हे वरच्या वर्गास सांगता येईल. अंड्यांसाठी पाळावयाच्या जातींतील नर पिल्ले अंडी देत नाहीत व त्यांचे मांसही फारसे वाढत नाही. म्हणून उबवणी केंद्रात ती पहिल्याच दिवशी वेगळी काढली जातात व स्वस्तात विकली जातात. अशी पिल्ले खेळणे म्हणून विकत घेऊ नयेत, असे मुलांनी स्वतः ठरविले तर पाठाचा मोठा भाग साध्य झाला असे समजावे.

निरीक्षणानंतर प्रत्येक मुलाने साबणाने हात धुवावे. आजारी किंवा मेलेल्या कोंबडीस हात लावू देऊ नये व ती शाळेत आणू देऊ नये. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूची साथ आढळली होती, हे वडीलधाऱ्यांस स्मरत असेल. गावात एकाएकी पुष्कळ कोंबड्या दगावू लागल्यास निरीक्षण थांबवून पशुवैद्यकीय दवाखान्यास त्वरित कळवावे.

शेवटी एक गोष्ट. वर्गात एखादे मूल नवे आलेले असते, किंवा मधल्या सुटीत एकटेच भिंतीशी उभे असते. या पाठाच्या आठवड्यात शिक्षकाचे त्याकडे लक्ष जावे. मुलांस त्यावर व्याख्यान देऊ नये. निरीक्षणाच्या जोड्या पाडताना त्याचे नाव आधी घ्यावे, म्हणजे पुरे.